आखाजीच्या आधीचे फोन

गेली काही वर्षं मी नाशिकच्या एका छोट्या पेपरात ग्राहकांसाठी सदर लिहिते. फ्रिज घेताना काय बघावं, बिलावर काय लिहून घ्यावं, फसवणूक झाली तर तक्रार कुठे करावी, असलं सगळं. लोकांना वाटतं बाई फार हुशार आहे. मलाही वाटायचं. दुसऱ्याला शिकवायला मिळालं की मला भूकसुद्धा लागत नाही. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," असं नाना, म्हणजे माझे वडील, हसत म्हणायचे आणि मी चिडायचे. त्यांचं हसणं आता बंद झालंय.

आम्ही दोघंच राहतो. आई जाऊन नऊ वर्षं झाली. लग्न मी केलं नाही, आणि त्याबद्दल मला कोणाचा सल्ला नको आहे. नाना बसडेपोच्या वर्कशॉपात टायर सेक्शनला होते. सगळी नोकरी टायरमध्येच गेली. रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या गाडीचाही टायर ते वाकून बघायचे आणि मालक आला की त्याला चार गोष्टी सुनवायचे. लोक आधी वैतागायचे, मग त्यांचा नंबर मागून घ्यायचे.

नानांना एकच बहीण. त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. माझी आजी लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच नानांना वाढवलं. आत्याला दिली होती नामपूरला. आमचं मूळ गावही तिकडेच, बागलाणात, पण तिथलं घर कधीच विकलं गेलं. तेव्हापासून नाशिकचा आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट हेच आत्याचं माहेर. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. लेकी-बाळी माहेरी येतात तो सण. पण आपण होऊन यायचं नाही. माहेरचं माणूस न्यायला आलं पाहिजे, त्याला मुराळी म्हणतात. म्हातारी झाली, नातवंडांची लग्नं झाली, तरी आत्याचा नियम मोडला नाही. नानांनी स्वतः गाडी घेऊन जायचं, अंगणात हाक मारायची, मग ती पिशवी घेऊन बाहेर येणार. मी एकदा म्हटलं, "आत्या, बसने ये ना, तीन-चार तासांचा तर रस्ता." तर म्हणाली, "बसने पाव्हणे येतात गं. मी पाव्हणी आहे का?" आठ दिवस राहायची. आमच्या गॅसवर खापर ठेवून पुरणाचे मांडे करायची, ओट्यावर पिठाचा सडा, आणि वर मलाच म्हणायची की तुझा ओटाच लहान आहे.

न्यायला या, असं मात्र तिने कधी म्हटलं नाही. माहेरचं बोलावणं मागायचं नसतं, ते यावं लागतं. नाना आखाजीच्या पंधरा-वीस दिवस आधी भाच्याच्या, म्हणजे आत्याच्या मुलाच्या, फोनवर फोन करायचे, तिला द्यायला सांगायचे आणि दिवस कळवायचे. ती पलीकडून एवढंच म्हणायची, "भाऊ, बरा शे ना रे?" झालं. तेवढ्यावर दोघांचं ठरायचं.

यंदा मार्चमध्येच नानांनी आमच्या गाडीचे टायर बघितले आणि मान हलवली. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो संपला समजायचं. आमचे चारही तिथे पोचले होते, आणि एकाला कडेला फुगा आला होता. "हे घेऊन मी चांदवडच्या पुढचा घाट चढणार नाही. उन्हाचा रस्ता तापलेला असतो. टायर बसले की मगच नामपूरला फोन करीन," ते म्हणाले. मी म्हटलं फोन तर करून ठेवा. तर म्हणाले, "बहिणीला दिलेला दिवस फिरवायचा नसतो."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. द्वारकेला, म्हणजे नाशिकच्याच द्वारका चौकात, जायचं, ओळखीचं दुकान गाठायचं, टायर हाताने चाचपून बघायचा, कडेवरचे चार आकडे वाचायचे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. जुना पडून राहिलेला माल असेल तर कितीही चमकत असला तरी नको म्हणायचं. अर्ध्या दिवसाचं काम. पण मी पडले ग्राहकांची कैवारी! दुकानदार सांगेल त्या भावाला घ्यायचं म्हणजे माझी नाचक्कीच. मी इंटरनेटवर शोधायला बसले. एका साइटवर लिहिलं होतं, गाडीचं मॉडेल आणि फोन नंबर भरा, शहरातल्या दहा दुकानांचे भाव मिळतील.

इथे मी जे केलं ते मी माझ्या सदरातही लिहिलेलं आहे, म्हणून लपवत नाही. अशा फॉर्मवर स्वतःचा मुख्य नंबर कधी देऊ नये, नंतर नको ते फोन येत राहतात, घरातला एखादा कमी वापरातला नंबर द्यावा. मी नानांचा दिला. त्यांना कोण फोन करतंय, म्हटलं. भाचा करतो, डेपोतले दोन मित्र करतात.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं! आधी टायरवाले. मग गाडीचा विमा. मग कर्ज, क्रेडिट कार्ड, विंचूरकडचे प्लॉट, गुडघेदुखीचं तेल. नाना बिचारे प्रत्येकाशी नीट बोलायचे. एका टायरवाल्याला त्यांनी वीस मिनिटं समजावलं की तू म्हणतोस तो टायर या गाडीला लागतच नाही. एका पोरीला विचारलं, "जेवलीस का?" ती गप्पच झाली म्हणे. मी बाहेरून यायचे तर हे कानाला फोन लावून बसलेले. चहा गार. मी आरडाओरडा करायचे, "अहो, ठेवा तो! नाही म्हणा आणि ठेवा!" ते हाताने मला थांबवायचे.

मग एक दिवस मी स्वयंपाकघरातून ऐकलं, नाना कुणाला तरी आकडे वाचून दाखवत होते. चार... नऊ... मी पोळी तव्यावर सोडून धावले आणि फोन हिसकावला. बँकेतून बोलतो म्हणणारा कुणीतरी होता. थोडक्यात वाचलो. मी त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की त्यांच्या पेन्शनपासून त्यांच्या अकलेपर्यंत सगळं काढलं. ते खाली बघत बसले होते. पोळी जळल्याचा वास घरभर पसरला. आणि त्याच रागात मी त्यांच्या फोनमध्ये ती सोय चालू केली, नंबर साठवलेला नसेल तर रिंग वाजतच नाही. "आता शांत बसा," मी म्हटलं. "आणि मिस कॉल दिसले तरी उलट फोन लावायचा नाही. ती पण फसवायची पद्धत आहे."

"बरं," ते म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी म्हणाले, "फोन अगदीच गप्प झाला गं." मला बरं वाटलं. त्या आठवड्यात मी याच विषयावर सदर लिहिलं आणि वाचकांची पत्रंही आली, ताई, फार उपयोग झाला.

टायर मात्र येईनात. मी भावांचा तक्ता करत बसले होते. आज याचा भाव, उद्या त्याची सवलत, कुणी अलाइनमेंट फुकट देतो, कुणी घरी येऊन बसवतो. नाना रोज विचारायचे, "कधी जायचं द्वारकेला?" मी म्हणायचे, "दोन दिवस थांबा हो, अजून एक भाव यायचाय." अती शहाणा त्याचा बैल रिकामा, हे काही उगीच म्हणत नाहीत. आखाजी दहा दिवसांवर आली, मग आठ.

त्याच दिवसांत एकदा सकाळी नाना चष्मा लावून फोन घेऊन माझ्याकडे आले. "हा एक नंबर बघ ना. रोज सकाळी सातच्या सुमारास येतोय. दिसतो नुसता, वाजत नाही." मी लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. म्हटलं, "टायरवालेच असतील. उचलू नका, उलट लावू नका, किती वेळा सांगू?"

ते फोन खिशात टाकून गेले. तो क्षण मी अजून रोज जगते. मान वर करायला काय लागत होतं?

आखाजीला चार दिवस उरले तेव्हा शेवटी आम्ही द्वारकेलाच गेलो, नानांच्याच ओळखीच्या दुकानात, आणि दीड तासात चारही टायर बसवून घरी आलो. नाना खुशीत होते. म्हणाले, "आता उद्या सकाळी फोन करतो आणि परवा निघतो." दुसऱ्या दिवशी अंघोळ, पूजा करून, टोपी घालून ते खुर्चीत बसले. बहिणीला फोन करायचा तर ते टोपी घालायचे. मी समोरच भाजी निवडत होते. भाच्याचा नंबर लावला आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "अरे, आईला दे फोन. सांग मुराळी बोलतोय."

मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. आत्या पहाटे गेली होती. दोन दिवस अंगात कणकण होती, झोपेतच गेली. भाचा म्हणाला, मामा, मी तुम्हालाच लावणार होतो.

बाईमाणूस गेलं की अंगावर माहेरचं लुगडं घालतात. आम्ही सटाण्याला थांबलो. नानांनी दुकानात चार लुगडी उलगडून बघितली, हात फिरवून बघितली, आणि हिरवं घेतलं. दुकानदाराने विचारलं, लग्नाचं आहे का? नाना म्हणाले, "नाही, बहिणीचं." एवढंच. नवे टायर रस्त्यावर आवाजही करत नव्हते. नाना अख्ख्या रस्त्यात एकदाच बोलले, "गाडी छान चाललीये." मला ओरडून रडावंसं वाटलं.

नामपूरला पोचलो तेव्हा माणसं जमली होती. दाराशी आत्याची कापडी पिशवी होती, गाठ मारून ठेवलेली. भाच्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या वहिनीने, नानांना बघितलं आणि तिचा बांध फुटला. ती सगळ्यांसमोरच बोलली, "मामा, आठ दिवस रोज फोन लावला हो त्यांनी तुम्हाला! दूधवाल्याच्या फोनवरून. मला शपथ घातली होती, घरात कुणाला सांगू नको म्हणून. एकदा तरी उचलायचा होतात!"

आत्याने फोन लावला होता. जिने साठ वर्षांत कधी बोलावणं मागितलं नाही, तिने. मुलाचा फोन मागायला तिला लाज वाटली असणार, माहेरचं बोलावणं आलं नाही हे त्याला कळलं असतं. म्हणून सकाळी दूध घालायला येणाऱ्या माणसाला तिने गाठलं. आमच्या गावाकडे हे असंच असतं. ज्याचा फोन हाताशी त्याच्यावरून बोलायचं. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. लहानपणापासून आत्याचा फोन कधी गिरणीवाल्याच्या, कधी शेजारणीच्या नंबरवरून आलेला मी घेतलाय.

नाना गोंधळून उभे होते. हातात लुगड्याची घडी. खिशातला फोन चाचपून त्यांनी पुन्हा सोडून दिला. मग ते म्हणाले, "मला वाजलेला ऐकू आला नाही. माझे... माझे कान गेलेत आता."

त्याच वेळी कोपऱ्यातून एका म्हाताऱ्या बाईने अगदी हळू विचारलं, पाणी देऊ का. नाना म्हणाले, "नको." बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मी ते बघणं बघितलं. आणि मी काय केलं? काही नाही. मी मागच्या अंगणात गेले आणि नानांचा फोन मागून घेतला, बॅटरी बघते म्हणून. यादीत तो नंबर होता, आठ दिवस रोज सकाळी, आठ वेळा. त्याच्या वर-खाली टायरवाले. मी फोन परत नेऊन दिला आणि बायकांमध्ये जाऊन बसले. माझं तोंड, जे कधी बंद नसतं, ते त्या दिवशी उघडलं नाही.

दहाव्याला गेलो, तेराव्याला गेलो. चहा-पाणी सगळं नीट झालं. पण भाचा नानांच्या पाया पडला नाही, वहिनी समोर बसली नाही. नाना कुणी काही न विचारताही सांगायचे, कान गेलेत, कान गेलेत. घरी आल्यावर ते टीव्हीचा आवाज मोठा करायला लागले. त्यांना स्वतःला पटवायचं होतं बहुतेक. आणि मी आवाज कमी करायचे, आणि बोलायचे नाही. भित्री! दुसऱ्यांना ग्राहक मंचात जा, न घाबरता बोला, असं सांगणारी मी घरात चोरासारखी वावरत होते.

जून महिन्यात त्यांनीच हट्ट धरला, कानाच्या डॉक्टरकडे ने. कॉलेज रोडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, बारीक बारीक आवाज ऐकवले. नाना प्रत्येक आवाजाला प्रामाणिकपणे बोट वर करत होते. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "बाबा, तुमच्या वयाला इतके चांगले कान मी फार कमी बघितलेत." नानांनी त्यांना पुन्हा विचारलं, नक्की का? त्या म्हणाल्या, नक्की.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मी किल्ली लावली पण फिरवली नाही. नाना म्हणाले, "मग मला का ऐकू आलं नाही?"

मी सांगितलं. फॉर्मवर नंबर दिला तिथपासून, त्या सकाळी मान वर केली नाही तिथपर्यंत सगळं. मधे मधे म्हटलं, मला काय माहीत होतं, आणि लगेच वाटलं, काय हे बोलतेय मी. मला वाटलं ते ओरडतील. मी खरं तर त्याचीच वाट बघत होते. त्यांनी काचेतून बाहेर बघत विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. अंगणात."

आता मात्र ते वळले. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी बघितलं नाही. "मग तिथेच का नाही बोललीस? माणसं बसली होती सगळी! मी तिच्या दारात खोटारडा ठरलो. मला दिसत होतं गं, कुणालाच खरं वाटत नव्हतं. मीसुद्धा म्हटलं, असेल बुवा कानच गेले असतील. दीड-दोन महिने मी स्वतःला बहिरा समजतोय, आणि तू माझ्या शेजारी बसून जेवतेस!" मग त्यांचा आवाज बसला. "चुकीबद्दल मी काही म्हणत नाही. चूक कुणाकडूनही होते. पण तू बोलली नाहीस."

"नाना, मला क्षमा करा," मी म्हटलं.

"माझी नको. नामपूरला चल."

पुढच्याच रविवारी गेलो. पाऊस लांबलेला, घाटात नुसती धूळ. मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते आणि पोचल्यावर एकही कामाला आलं नाही. भाचा घरी होता, वहिनी होती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. माझ्यामुळे झालं. नानांचे कान चांगले आहेत, नाना रागावले नव्हते, नानांना माहीतच नव्हतं की कोण फोन करतंय. टायर बसायची वाट बघत होते, बसले आणि दुसऱ्याच सकाळी फोन केला. भाचा उठला आणि नानांच्या पायावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. वहिनी माझ्याकडे बघत होती. ती मला काहीही बोलली असती तरी मी सोसलं असतं. तिने माझा कप उचलून बाजूला ठेवला.

नानांनी तिला विचारलं, "काय म्हणायची गं ती, फोन लावताना?"

वहिनी म्हणाली, "राहू द्या ना मामा."

"नाही, सांग."

ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "सात दिवस म्हणायच्या, मना भाऊ येई, कामात असेल. पिशवी पण भरून ठेवलेली. दूधवाला म्हणायचा, आजी, उचलत नाहीत, तर म्हणायच्या उद्या लाव. आठव्या दिवशीही उचलला नाही, तेव्हा मात्र त्याला म्हणाल्या, आता नको लावू. मनं माहेर सरनं."

माझं माहेर संपलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. आणि त्याच आठव्या दिवशी आम्ही द्वारकेला टायर बसवत होतो.

अंगणात बांधलेली शेळी ओरडत होती, ती शेजारचं कुणीतरी पोर सोडून घेऊन गेलं. नाना भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी भाच्याच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. तुम्हाला सगळ्यांना कळलं, चांगलं झालं."

मग त्यांनी विचारलं, "पण तिला कोण सांगेल?"

ते खरंच विचारत होते. एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आधी भाच्याच्या, मग वहिनीच्या, आणि शेवटी माझ्या.